न मोडणाऱ्या खुंट्या

"आज एक जरी फळी आली नाही, तर मी उद्यापासून येणार नाही," लॅकीने जाहीर केलं आणि तो होडीच्या तळाशी आडवा झाला.

"हे तू परवाही म्हणालास," एल्स्पेथ म्हणाली. "वल्ह्यावरून पाय काढ."

टॅमरॅक नदीच्या वळणावर, विलोच्या झाडाखाली, त्यांची सपाट बुडाची होडी बांधलेली होती. एल्स्पेथ कॅरुथर्स तेरा वर्षांची आणि लॅकी तिचा धाकटा भाऊ. तिसरी ओडिल थेरियो, एल्स्पेथच्या वर्गातली. ती होडीच्या टोकाला आकडीची लांब काठी मांडीवर घेऊन बसली होती, आणि नदीवरची नजर काही काढत नव्हती.

किन्ड्री मिल्समधल्या पोरांचा हा सुट्टीतला पिढीजात उद्योग होता. उन्हाळ्यात नदी बारीक झाली की गिरणीची माणसं बंधाऱ्याच्या माथ्यावर, मागे आधाराला खुंट्या ठोकून, फळ्यांची एक रांग उभी करत. त्यामुळे वरच्या तळ्यात पाणी हातभर जास्त साठे आणि गिरणीची चाकं चालू राहत. मध्येच कुठे पाऊस होऊन पाणी चढलं की त्यातल्या दोन-चार फळ्या निसटून वाहत खाली येत. पोरं त्या वळणावर आकडीने ओढून घेत आणि गिरणीत परत नेऊन देत. एका फळीला मेपलच्या साखरेची एक वडी, असा दर होता. एल्स्पेथचे बाबा लहान होते तेव्हाही तोच दर होता.

पण या वर्षी शाळा सुटल्यापासून एकही फळी आली नव्हती, आणि आता सुट्टी संपत आली होती.

लॅकीचं मत असं, की वरच्या बाजूला कुणीतरी चोर बसलाय आणि तो सगळ्या फळ्या आधीच पळवतोय. ओडिलला ते पटत नव्हतं. चोर असता तर तो वड्या खाताना दिसला असता, ती म्हणाली. या गावात कुणाला गुपचूप काही खाता येतं का?

मग ती एकदम थांबली. "एल्स्पेथ, पाणी बघ."

पाणी गढूळ झालं होतं, चहात दूध ओतल्यासारखं. सकाळी सैल असलेली होडीची दोरी आता ताणली गेली होती. वर आभाळ निळंशार, ऊन कडक. पण गेल्या दोन रात्री उत्तरेच्या डोंगरांवर विजा चमकत होत्या, हे तिघांनीही पाहिलं होतं. तिकडचा पाऊस आता इकडे पोचत होता.

"पाणी चढलंय," ओडिल म्हणाली, "आणि फळी एकही नाही. असं कधी झालंय का?"

असं कधीच झालं नव्हतं. त्यांनी होडी काठावर ओढली, आकडीच्या दोन काठ्या खांद्यावर घेतल्या आणि तिघं बंधाऱ्याकडे निघाली.

बंधारा होता जाडजूड ओंडक्यांचा, आत दगड भरलेले. गिरणी उजव्या काठावर. डाव्या काठाला मात्र ओंडके संपून मातीचा लांब बांध सुरू होत असे, आणि त्या बांधाच्या पायथ्याशी, सखल कुरणात, एकच घर होतं: ओडिलचं. तिचे वडील मोसमी कामासाठी वरच्या जंगलात गेले होते. घरात आई होती आणि आठ दिवसांचं बाळ. आईला अजून अंथरुणातून उठायची परवानगी नव्हती.

तळ्यावर पोचताच लॅकीने बोट दाखवलं. कोंबड्यांचं एक खुराडं तरंगत होतं, वर एक ओला कोंबडा रागावून बसलेला. मागून गवताच्या गंजीचा अर्धा भाग वाहत येत होता. आणि बंधाऱ्यावरची रांग जशीच्या तशी उभी होती. फळ्या मधोमध फुगल्या होत्या, पाणी त्यांच्या डोक्यावरून सांडत होतं, पण एकही हलली नव्हती.

एल्स्पेथ काठाच्या दगडी कोपऱ्यावर पोटावर झोपली आणि तिने फळ्यांच्या मागे डोकावून पाहिलं. मग ती मागे सरकली. तिचा चेहरा उतरला होता.

"चोरबीर कुणी नाही. खुंट्या लोखंडाच्या आहेत."

तेव्हा तिघांनाही जून महिना आठवला. थॉर्बर्नसाहेब गिरणीचे नवे व्यवस्थापक. ते शहरातून आले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी जुन्या लाकडी खुंट्या हातात घेऊन सगळ्यांना हसवलं होतं. दरवर्षी फळ्या वाहून जातात, दरवर्षी पोरांना वड्या वाटून परत आणवता, आणि तुम्हाला खुंटी बदलायचं सुचत नाही? मग लोहाराकडून गाडीभर सळया आल्या. सगळ्या गावाने मान डोलावली होती. एल्स्पेथच्या बाबांनीही.

"मग चांगलंच झालं की," लॅकी म्हणाला. "म्हणजे वड्यांचं वाईट झालं, पण बंधाऱ्याचं चांगलं झालं."

दर वसंतात खुंट्या तासायला सगळं गाव जमत असे, ओडिलही बसत असे. काहीतरी तिच्या मनात खुपत होतं. शेवटी ती म्हणाली, "आपण खुंट्या पाइनच्या का करायचो?"

"पाइनच्याच करतात."

"हो, पण का? माझ्या घरामागे पाइनशेजारीच ॲशची झाडं आहेत. कुऱ्हाडीचा दांडा ॲशचा, फावड्याचा ॲशचा. पाइनचा दांडा घातला तर पापा माझ्या पाठीत घालतील. मग इतकं पाणी अडवणारी खुंटी सगळ्यात कुचकामी लाकडाची, आणि अंगठ्याएवढीच जाड? त्यापेक्षा जाड झाली तर म्हातारे परत तासायला लावायचे."

एल्स्पेथने एक वाळकी काडी उचलली आणि दोन्ही हातांनी वाकवली. ती मोडली. तिने मोडलेल्या काडीकडे पाहिलं आणि मग फुगलेल्या फळ्यांकडे.

"मोडाव्यात म्हणूनच," ती हळू म्हणाली. "पाणी फार चढलं की खुंटी मोडायची, फळी जायची आणि पाणी उतरायचं. आता खुंटी मोडत नाही. मग पाणी कुठे जाणार?"

तिघंही पलीकडच्या मातीच्या बांधाकडे पाहत होती.

ओडिल पुलावरून पळत सुटली. ही दोघं मागोमाग. बांधाचा वरचा काठ आणि तळ्याचं पाणी यांच्यात वीतभर जागा उरली होती. खालच्या अंगाला, ओडिलच्या घराकडच्या उतारावर, गवतातून पाणी पाझरत होतं. ओडिलने ओंजळ धरली. पाणी स्वच्छ नव्हतं. त्यात माती होती.

"आधी आईला बाहेर काढते," ती म्हणाली.

"काढू. पण बांध फुटला तर घर जाईल, आणि कदाचित पूलही," एल्स्पेथ म्हणाली. "आधी बाबांना सांगू. गिरणी इथून दोन मिनिटांवर आहे."

गिरणीच्या एका अंगाला पीठ दळलं जाई, दुसऱ्या अंगाला चीज भरायचे गोल लाकडी डबे बनत. करवतींचा आवाज इतका की माणसं एकमेकांशी खाणाखुणांनी बोलत. बाबा पिठाने पांढरे झाले होते. एल्स्पेथने त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, पण हातातलं पोतं खाली ठेवलं नाही. खुंट्या पाइनच्या होत्या कारण आजोबा पाइनच्या करत, असं ते म्हणाले. लोखंड केव्हाही मजबूत. आणि शंका असेल तर साहेबांना विचार.

थॉर्बर्नसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी तिघांना कचेरीत उभं करून नीट ऐकून घेतलं, खिडकीतून निळं आभाळ दाखवलं आणि हसले. डोंगराकडचं पाणी दुपारपर्यंत ओसरेल, ते म्हणाले. एल्स्पेथने विचारलं, मग बंधाऱ्याचं खालचं दार तरी उघडता येईल का? ते दार गळत होतं म्हणून साहेब येण्याआधीच, मेमध्ये, खिळे ठोकून बंद केलंय, असं कळलं. चीजवाल्यांचे डबे संध्याकाळच्या गाडीने जायचे होते, त्यामुळे आज करवती थांबणार नव्हत्या.

"साहेब, बांधातून माती येतेय," ओडिल म्हणाली. "खाली माझं घर आहे."

"बांध तुझ्या आजोबांच्या वेळेपासून उभा आहे, पोरी. आणि तुम्ही त्यावर नाचू नका, म्हणजे तो उभाच राहील."

तिघं बाहेर आली. आपण मोठे असतो तर, असं काहीतरी लॅकी पुटपुटला.

एल्स्पेथ मात्र कचेरीच्या खिडकीखालच्या हिरवळीकडे पाहत होती.

साहेबांची हिरवळ गावात प्रसिद्ध होती. रविवारी तिथे पाहुणे लाकडी चेंडू दांड्याने टोलवत. तिथे आधी काय होतं, ते मात्र साहेबांनी कधी विचारलं नव्हतं. एके काळी किन्ड्री मिल्समध्ये आणखी एक गिरणी होती, लोकरीची. एल्स्पेथच्या जन्माआधी ती एका हिवाळ्यात जळाली आणि पुन्हा उभी राहिली नाही. तिचा पाट मात्र राहिला. तळ्यातून निघणारा, चर्चच्या मागून जाणारा, वळणाच्या खाली पुन्हा नदीला मिळणारा. त्याच्या तोंडावर ओंडके एकावर एक रचून पाणी बंद केलेलं होतं. वरचा भाग रानफुलांनी भरला होता, पोरं त्यात लपंडाव खेळत. खालचा भाग साहेबांनी माती टाकून सपाट केला आणि त्यावर गवत लावलं.

"पाटाचं तोंड उघडायचं," एल्स्पेथ म्हणाली. "थोडं पाणी तिकडून जाईल. तेवढ्याने भागणार नाही. पण साहेब आपलं ऐकत नाहीत ना? त्यांच्या हिरवळीचं ऐकतील. ते पळत येतील, आणि त्यांच्या मागे अख्खी गिरणी. मग सगळे स्वतःच्या डोळ्यांनी बघतील."

लॅकीचं तोंड उघडंच राहिलं. "बाबा आपल्याला सोलून काढतील."

"काढू देत. तू पिठाची हातगाडी घे आणि थेरियोकाकूंकडे पळ. त्यांना आणि बाळाला गाडीत घालून चर्चच्या टेकडीवर आण. नाही म्हणाल्या तर रड. तुला येतं ते."

"मी जाते," ओडिल म्हणाली.

एल्स्पेथने तिच्याकडे पाहिलं. "ओंडका दोघींशिवाय हलणार नाही. लॅकीच्या अंगात तेवढं बळ नाही."

ओडिलने नदीपलीकडे पाहिलं. तिथून त्यांचं छप्पर दिसत होतं, धुराड्यातून बारीक धूर येत होता. मग तिने लॅकीचे खांदे धरले. "बाळाची मान हाताने धर. गाडीत त्याच्या डोक्याखाली उशी ठेव. जा."

लॅकी गाडी घेऊन धडधडत पुलावरून गेला.

पाटाच्या तोंडावर दोन दगडी खांब होते. खांबांच्या खाचांत ओंडके रचलेले, शेवाळाने हिरवे झालेले. सगळ्यात वरचा ओंडका पाण्याच्या बरोबरीने होता. दोघींनी आकड्या त्याच्या टोकांना लावल्या आणि जोर केला. काहीच झालं नाही. एल्स्पेथने एक फांदी खाली सारून तरफ केली. मग लाकूड कुरकुरलं, वर आलं आणि धाडकन कोरड्या पाटात जाऊन पडलं. त्याच्या मागोमाग पाण्याचा एक जाड पट्टा आत शिरला.

दुसरा ओंडका सोपा गेला. पाणी रानफुलं आडवी करत चर्चच्या मागे दिसेनासं झालं.

तिसरा अडकला. एक टोक सुटलं, दुसरं खाचेत रुतून बसलं. ओडिल खांबावर चढली आणि त्याला टाच मारू लागली. पलीकडे बांधावर पाणी आता काठाला लागलं होतं. हातगाडी अजून दारातच उभी दिसत होती, रिकामी.

"ती येत नाहीये," ओडिल म्हणाली. "आई येत नाहीये."

"मार. बघू नकोस, मार."

ओडिलने पुन्हा टाच मारली. ओंडका एकदम सुटला, आणि त्याच्याबरोबर तिचा पायही. ती कंबरेपर्यंत पाण्यात गेली. धार तिला पाटाच्या तोंडात ओढू लागली. एल्स्पेथने काठी टाकली, दगडावर छाती टेकली आणि जे हाताला लागलं ते धरलं. ती ओडिलची वेणी होती. मग दंड सापडला. दोघी खांबाला चिकटून धापा टाकत राहिल्या, आणि खालून पाणी गरजत पाटात जात राहिलं.

"केस उपटलेस माझे," ओडिल म्हणाली.

"उरलेत अजून," एल्स्पेथ म्हणाली, पण तिचे हात सुटेनात.

आणि मग करवती थांबल्या.

ती शांतता सगळ्या गावाला ऐकू गेली. पाण्याखाली गेलेल्या हिरवळीवरून साहेब आले, बाह्या वर सारलेल्या, गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. त्यांच्या मागे लोहार, करवतवाले, आणि पिठाने पांढरे झालेले बाबा. सगळे काठाने धावत येत होते. साहेबांचा आवाज दुरूनच ऐकू येत होता. ही गुंडगिरी आहे, पोलिसांना बोलावतो, कुणाची पोरं ही. बाबांचा चेहरा पिठाखालीही लाल दिसत होता.

एल्स्पेथ उठून उभी राहिली. तिने हात उचलून पलीकडे दाखवलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. नेमकं तेव्हाच बांधाच्या उतारावरून चुलीएवढं मातीचं ढेकूळ सुटलं आणि गवतासकट घसरत खाली गेलं. त्या जागेतून गढूळ पाण्याची धार लागली. खाली, घराच्या दारात, लॅकी हातगाडीत एक बाई आणि एक गाठोडं बसवत होता.

बाबांनी फळ्यांकडे पाहिलं, मग सळयांकडे, मग आपल्या मुलीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

"अरे देवा," ते म्हणाले. "त्या पाइनच्या खुंट्या मोडण्यासाठीच होत्या."

साहेबांनी लोहाराला सळया उपटायला सांगितलं. लोहाराने मान हलवली. पाण्याच्या दाबाने त्या वाकून घट्ट बसल्या होत्या. साहेबांच्या कपाळावर घाम आला. पण पुढे जे केलं ते त्यांनी लगेच केलं. "कुऱ्हाडी आणा," ते म्हणाले. "फळ्या तोडा. डबे गेले खड्ड्यात."

बाबांनी कंबरेला दोर बांधला. सहा जणांनी दुसरं टोक धरलं, त्यात साहेबही होते. बाबा फळ्यांच्या मागच्या अरुंद तुळईवरून, कडेच्या फळीपाशी सरकत गेले. पहिला घाव, दुसरा घाव. फळी कडाडून फुटली आणि पाणी इतक्या जोरात उसळलं की बाबा दिसेनासे झाले. एल्स्पेथने डोळे मिटले. उघडले तेव्हा दोर ताठ होता आणि बाबा गुडघ्यावर बसून पुढच्या फळीवर कुऱ्हाड उगारत होते. एकदम सगळ्या तोडल्या तर खालचं कुरण बुडेल, म्हणून थोड्या थोड्या, थांबून थांबून त्यांनी तोडल्या. ते दमले तेव्हा लोहार गेला.

पलीकडे बांधावर ओडिल पोचली होती. साहेबांनी पाठवलेली माणसं घसरलेल्या जागी पिठाची पोती रचत होती. हातगाडी टेकडीच्या चढावर होती, लॅकी मागून डोकं लावून ढकलत होता. पाणी बांधाच्या काठावरून खाली सरकलं. बोटभर, मग चार बोटं, मग वीतभर. धार बारीक झाली आणि थांबली.

संध्याकाळी थेरियोंच्या स्वयंपाकघरात उभं राहायला जागा नव्हती. पाणी घराच्या खालच्या पायरीपर्यंत येऊन परत गेलं होतं. शेजारणी नको म्हणत असतानाही ओडिलची आई उठून चुलीपाशी बसली होती आणि बकव्हीटच्या पिठाची धिरडी टाकत होती. बाळाला तिने एका हातावर धरलं होतं. लॅकी पुन्हा पुन्हा सांगत होता की काकू आधी मुळीच येत नव्हत्या, आणि तो खरोखरच रडला, मुद्दाम नाही.

बाबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांचे तळहात सोलवटले होते. सगळे ऐकतील अशा आवाजात ते म्हणाले, "आमच्या वडिलांनी आम्हाला खुंटी तासायला शिकवलं. का, ते आम्ही विचारलं नाही. चाळीस वर्षं तासल्या. तुम्ही पोरींनी एका सकाळी विचारलंत." बाबा एरवी कुणाचं कौतुक करत नसत, त्यामुळे एल्स्पेथला कुठे बघावं कळेना. लोहाराने ओडिलच्या पाठीवर थाप मारली आणि नव्या खुंट्यांसाठी उद्या तुझ्या घरामागच्या पाइनवर माझी कुऱ्हाड चालेल का, असं विचारलं.

तेवढ्यात दार वाजलं. थॉर्बर्नसाहेब उभे होते. कपडे तेच, चिखलाचे. हॅट हातात. आत यावं की नाही हे त्यांना समजत नव्हतं. ते ओडिलच्या आईसमोर आले आणि म्हणाले की तुमच्या मुलीने मला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, त्याबद्दल मी माफी मागायला आलोय.

ओडिलची आई त्यांच्याकडे बघत राहिली. तव्यावरचं धिरडं करपायला लागलं होतं.

"माझे हात भरलेत," ती म्हणाली. "याला धरा जरा."

आणि तिने बाळ त्यांच्या हातात दिलं.

साहेब ताठ उभे राहिले. बाळ झोपेतच होतं. सगळी बोलायला लागली, ताटं फिरायला लागली, कोंबड्याचं खुराडं कुणाचं यावर वाद सुरू झाला. साहेबांच्या हातून बाळ घ्यायला कुणीही पुढे आलं नाही, आणि ते खालीही बसले नाहीत. ओडिल कोपऱ्यातून बराच वेळ बघत होती. मग तिला दिसलं की त्यांचे हात थरथरताहेत.

तिने आपलं ताट बाजूला ठेवलं, उठून त्यांच्यापाशी गेली, बाळाच्या मानेखाली हात घातला आणि भावाला घेतलं.

"बसा, साहेब," ती म्हणाली. "धिरडी गरम आहेत."